रॅम्पचा ठराव

घंटा वाजली तरी वकिलांचं बोलणं थांबेना, तेव्हा अध्यक्षांनी ती पुन्हा वाजवली.

"सभा सुरू झालीय, वकीलसाहेब."

"माफ करा, अध्यक्ष," म्हणत वकील निमूटपणे सोफ्यावर टेकले.

सेवा क्लबच्या हॉलला रंग लावायचं काम चालू होतं, म्हणून हल्ली रविवारची सभा अध्यक्षांच्या घरीच भरायची. सेक्रेटरी घंटा पिशवीत घालून आणायचा आणि जाताना घेऊन जायचा. त्याचं औषधांचं दुकान होतं. वयाने सगळ्यांत लहान, पण कामाला वाघ. आज तो होता आणि दोन माजी अध्यक्ष होते, वकील आणि मास्तर. बाकी कोणी फिरकलं नव्हतं. नव्या सभासदांना सेवा हवी ती फोटोपुरती, असं अध्यक्षांचं स्पष्ट मत होतं.

"विषय एकच," ते म्हणाले. "इस्पितळाचा रॅम्प."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

अध्यक्षांनी टेबलावर नकाशा पसरला. सारा जन्म बांधकामात गेलेला, त्यामुळे या वयातही त्यांच्या पेन्सिलीची रेघ सरळ यायची. "दार रस्त्यापासून तीन फूट उंच. फूटभर उंचीला बारा फूट उतार धरला तर छत्तीस फूट लांबी लागते. जागा आहे. सिमेंटचं मी बघतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

वकिलांनी मास्तरांकडे पाहिलं.

या क्लबचा रिवाजच विचित्र होता. माजी अध्यक्षांनी मान डोलावल्याशिवाय ठराव मताला टाकायचा नाही. माणूस माजी झाला की त्याच्या हातात नाही म्हणण्याखेरीज काही उरत नाही, मग तो तेवढंच मन लावून करतो, असं अध्यक्ष गमतीने म्हणायचे. आज त्यांना गंमत सुचत नव्हती.

"पुढच्या सभेत घेऊ," मास्तर म्हणाले.

"मागच्या सभेतही हेच म्हणालास."

"पुढच्या सभेतही म्हणेन."

"माझी मुदत संपत आलीय रे. नवा अध्यक्ष आला की हे सगळं बासनात गुंडाळलं जाईल."

मास्तर चष्मा पुसू लागले. अध्यक्षांना राग आला, पण त्यांनी तो गिळला. दोघे शाळेत एका बाकावर बसलेले. शिवाय सेक्रेटरीने मागेच त्यांच्या कानात सांगून ठेवलं होतं, "मास्तरांना हल्ली विसरायला होतं, साहेब. जरा सांभाळून घ्या." तेव्हापासून ते सांभाळून घेत होते. मास्तर बोलता बोलता मध्येच थांबायचे, उगाच चष्मा पुसत बसायचे. बघवत नसे.

सून चहा घेऊन आली.

"तुझ्या सासूबाईंना दिलास?"

"त्या झोपल्यात, बाबा." खाली बघतच तिने कप मांडले.

"झोपू दे. मंगळवारी पुन्हा जायचंय तिला." ती आत गेली तसा अध्यक्षांचा आवाज उतरला. "तुम्ही पाहिलंय का तिला त्या पायऱ्या चढवताना? दोन वॉर्डबॉय खुर्ची उचलतात. पोतं चढवावं तशी. ती डोळे मिटून घेते. नंतर मला म्हणते, तुम्ही एवढे क्लबचे अध्यक्ष, तुमच्याने एवढं होत नाही? काय सांगू मी तिला? माजी अध्यक्षांची मर्जी नाही म्हणून?"

वकिलांनी कप तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. सेक्रेटरी घंटेकडे बघत राहिला.

"तुमच्या पाया पडायचं बाकी ठेवलंय मी," अध्यक्ष म्हणाले. त्यांना आता रडू कोसळणार होतं.

"अरे, झालाय तो रॅम्प!" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

वकिलांनी मास्तरांचा हात घट्ट दाबला.

अध्यक्षांचा राग एका क्षणात मावळला. अख्ख्या वर्गाची हजेरी तोंडपाठ म्हणणारा माणूस, आणि त्याची ही गत. त्यांचं मन भरून आलं. ते उठले आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल, दाखवतो तुला."

"नको."

"चार पावलांवर तर इस्पितळ. पायऱ्या डोळ्यांनी बघितल्यास की तूच हो म्हणशील."

"बाहेर ऊन फार आहे, साहेब," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाला.

"बाबा, जेवायची वेळ झालीय." सून दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

पण अध्यक्षांनी चपला पायात सरकवल्याही होत्या. ते हट्टाला पेटले की त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. मास्तर मुकाट्याने मागोमाग निघाले.

"पुढच्या रविवारी जाऊ रे," कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

अध्यक्षांनी लहान मुलाला धरावं तसं त्यांचं मनगट धरलं, दोन्हीकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडला.

इस्पितळापाशी ते थबकले. पायऱ्यांच्या कडेने एक लांब उतार थेट दारापर्यंत गेला होता. बाजूला लोखंडी कठडा, त्याचा रंग हात लागून लागून उडालेला. एक बाई चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याला ढकलत, गप्पा मारत वर चालली होती.

अध्यक्षांनी नजरेनेच लांबी मोजली. छत्तीस फूट. काम चोख होतं.

"कोणी केला हा?" त्यांनी विचारलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "कोणी का करेना! मंगळवारी तिला इथूनच नेऊ. तिला आजच जाऊन सांगतो."

ते वळणार तोच मास्तरांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"तूच केलास," मास्तर म्हणाले. "वहिनी गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी."