लुगड्याचा बोळा

देवगाव फाट्यावरच्या गॅरेजात आश्रुबाच्या ट्रकचं इंजन दुरुस्त होऊन बसलं, पण गाडी सुरू होईना. "डिझल यायलंय, सेल्फ फिरायलाय, मंग हिला झालंय तरी काय?" मिस्त्री वैतागला. "पुन्हा सगळं खोलावं लागतंय." इंजन खोललं की भाकरी घेऊन आलेली आश्रुबाची बायको हवेच्या पाइपात लुगड्याचा बोळा कोंबायची, धूळ जाऊ नये म्हणून. सेल्फ मारायच्या आधी तीच ओरडायची, "अवो, बोळा काढला का?" पोळ्याआधी ती वारली. यावेळी तिच्याच लुगड्याचा बोळा आश्रुबानं स्वतः कोंबला होता. विचारणारं मात्र कुणी नव्हतं. त्यानं पाइपात बोटं घातली. हिरवा बोळा निघाला. "मारा सेल्फ." इंजन धडधडलं. "एवढ्यासाठी अडली व्हय!" मिस्त्री हसला. आश्रुबानं बोळा उलगडून झटकला, घडी करून खिशात ठेवला. "काढला गं," तो पुटपुटला.