पेट्यांविना विमान

युद्धात फुटून निघालेल्या डोंगरी प्रांताचं सरकार आठव्या महिन्यात कोसळलं. पळून जायला विमान तयार होतं. अध्यक्षांनी अर्थमंत्री त्र्यंबकरावांना विचारलं, "सोन्याच्या पेट्या कुठायत?"

"शत्रूकडच्या एका व्यापाऱ्याला दिल्या. त्यानं क्विनीन दिलं. ते दवाखान्यांत वाटून झालं."

"सगळं?"

"हिवताप सगळीकडं होता, साहेब."

विमान पेट्यांविना उडालं, त्र्यंबकरावांविनाही. परदेशात पोचताच अध्यक्षांनी त्यांना चोर ठरवलं. इकडे जिंकलेल्या सैन्यानं राजद्रोहाचा खटला भरला. शिक्षा फाशीची होती.

"तुमच्या बाजूनं कुणी साक्षीदार?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

मागून गलका झाला. दोन दिवस डोंगर उतरून सदतीस माणसं कोर्टात शिरली होती.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी दरडावलं.

पुढची म्हातारी म्हणाली, "औंदाच्या पावसाळ्यात मरणार होतो, ती माणसं."

न्यायाधीशांनी उचललेली लेखणी खाली ठेवली.