पोस्टरवरचा चेहरा

टेबलावर पसरलेल्या पोस्टरवर मी होते. खापराचं जुनं भांडं शाळेतल्या मुलांना दाखवणारी, हसणारी. आमच्या संग्रहालयाच्या फिरत्या प्रदर्शनाची बस जिथं जाणार, तिथल्या भिंतींवर हेच लागणार होतं.

"छान आलाय ना फोटो?" मोघे सर म्हणाले.

मी रजेवर असताना ठरलेली गावं खाली छापली होती. पहिलंच नाव माझ्या माहेरचं. घरच्यांना नको असलेल्या मुलाशी लग्न करून मी तिथून निघाले, तेव्हापासून भाऊ मला शोधतोय. सापडली की आधी तिला, मग त्याला, असं त्यानं चारचौघांत सांगून ठेवलंय.

"सर, माझा चेहरा नको. नुसतं भांडं ठेवू या. लोक तेच बघायला येणार."

आवाज साधा ठेवला, पण तळहाताचा घाम कागदावर उमटला. सरांनी मान तिरकी करून पोस्टर न्याहाळलं.

"पटतंय," म्हणत त्यांनी फोटोवर लाल फुली मारली.

माझा श्वास मोकळा झाला.

"पहिल्या गावात मात्र हेच राहू दे. तिथं जत्रा होती, म्हणून आधीच छापून लावलंय. लोकांना आवडलंय गं. सकाळी एकाचा फोन आला होता."

"काय विचारत होता?"

"प्रदर्शनाचं काहीच नाही. फोटोतली मुलगी तुमच्याकडेच असते का, एवढंच. म्हटलं, रोज असते, या की भेटायला. निघालाय तो."