रोपाचा पालापा

सहादूआप्पांच्या मळ्यातलं उन्हाळ कांद्याचं सगळं रोप एका पाहुण्यानं एका दिवसात उपटलं, आणि त्यातलं बरंचसं घरच्यांनी चाटूनपुसून खाल्लं.

तर असं काही झालंच नाही. सटाण्याच्या आसपास कुणालाही विचारा. पाहुणा आला होता, जेवला, गेला. एवढंच.

पाहुण्याचं नाव कमरो. देश फिलिपाइन्स, गाव मारावी, लोक मारानाओ, म्हणजे तळ्याकाठचे. जेद्दाच्या लेबर कॅम्पात तो सहाशे माणसांचा स्वयंपाक करायचा आणि आप्पांचा पुतण्या शेखर तिथं पाण्याचा टँकर चालवायचा. शेखरला कावीळ झाली तेव्हा कमरोनं त्याला एकवीस दिवस चमच्यानं पेज भरवली होती. आता दोन हजार एकच्या डिसेंबरात नोकरी सोडून घरी जाताना तो मुंबईला उतरला आणि वाट वाकडी करून दोन दिवसांसाठी मित्राच्या घरी आला. घरच्यांना हाताचं खाऊ घातल्याशिवाय जाणार नाही, म्हणाला.

शेखर सटाण्याहून नारळ घेऊन परतला, तर ओट्यावर कमरो काहीतरी खलबत्त्यात कुटत होता. आलं होतं, मिरची होती आणि बाजूला बारीक पांढऱ्या गड्ड्यांचा हिरवागार ढीग.

"पालापा!" कमरो खुशीत म्हणाला. त्याची जेद्दाची हिंदी होती. "जिस घर में पालापा नहीं, उस घर में खाना नहीं. खाली चावल है. मेरी माँ सफर में पहले इसकी बरनी देती है, बाद में दुआ."

त्यासाठी सकुरब नावाचा इवलासा कांदा लागतो, हे शेखरला ठाऊक होतं. आमच्याकडे कांदाच कांदा आहे, मळ्यात जा, हवा तो घे, असं कालच मोठ्या दिमाखात त्यानंच सांगितलं होतं. त्यानं ढीग नीट पाहिला आणि नारळ खाली ठेवले. सोमवारी लागवड होती. बारा बायका सांगून ठेवल्या होत्या. बागलाणात माणूस सख्ख्या भावाशी भांडेल, पण रोपाच्या वाफ्यात चप्पल घालून जाणार नाही.

आप्पांच्या पत्नी साळूकाकू चुलीपाशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"अरे देवा, शेखऱ्या, हाई ते रोप शे!"

"काकू, बोलू नका. त्याला कळलं तर तो मरेल लाजेनं."

"मी नही बोलस. तुना काका बोलतीन."

जेवणवेळेला आप्पा आलेच. हातात रोपाच्या दोन काड्या होत्या.

"शेखऱ्या, वाफामा कोना बैल घुसना व्हता रे?"

शेखर पाट मांडू लागला. कमरो मात्र उठला, छातीवर हात ठेवून वाकला आणि वडीलधाऱ्याचं म्हणून पहिलं ताट आप्पांपुढे ठेवलं. हळदीचा पिवळा भात, नारळात शिजवलेली कोंबडी आणि वेगळ्या वाटीत पालापा. आप्पांनी वाटी पाहिली. कमरोच्या नखांतली माती पाहिली. ती त्यांच्याच वाफ्याची होती. हातातल्या काड्या त्यांनी हळूच खिशात घातल्या आणि घास घेतला.

ठेचा मुरांब्यासारखा खाणारा माणूस, पण नाकातून पाणी आलं. पालापा त्यांनी दोनदा मागून घेतला.

"अंकल, ये कौन सा प्याज है?" कमरोनं कौतुकानं विचारलं.



"याले सांग," आप्पा बोटं चाटत म्हणाले, "ते तन शे. आपोआप उगस. आम्ही फेकी देतस."

"घास है," शेखर म्हणाला. त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. ते तिखटानं असेल.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण जेवून सगळे आडवे झाले, आणि कमरोला काही झोप येईना. एवढं प्रेमानं जेवलेल्या म्हाताऱ्याच्या मळ्यात अजून ढीगभर गवत उभं होतं.

चार वाजता सगळे मळ्यात पोचले तेव्हा वाफे दाढी केल्यासारखे गुळगुळीत झाले होते. नुसतं उपटलं असतं तर लावता तरी आलं असतं. पण तो स्वयंपाकी. रोज गोणीभर कांदा निवडणारा हात. त्यानं मुळ्या छाटून, धुऊन, जुड्या बांधून ठेवल्या होत्या.

"अंकल, सब घास साफ!" घाम पुसत तो म्हणाला. "शेखर ने मुझे घर दिया. मैं और क्या दूँ?"

आप्पांनी टोपी काढली. झटकली. पुन्हा घातली.

"शाब्बास," ते म्हणाले. मग साळूकाकूंकडे वळले. "बरन्या कितल्या शेतस घरमा?"

बरण्या अकरा निघाल्या. सगळ्या पालाप्यानं भरल्या. सोमवारी बायका आल्या, त्यांना आप्पांनी चहा पाजून परत पाठवलं आणि वावरात उशिराचा हरभरा पेरला. विचारलं कुणी, तर जमिनीला पालट हवा, म्हणायचे.

कमरोला एसटीत बसवून आल्यावर शेखर म्हणाला, "आप्पा, नुकसानीचा अर्ज करू का?"

"नुकसान? कोठे व्हयनं नुकसान?" आप्पा खेकसले. मग जरा थांबून म्हणाले, "पन अर्ज लिख. मी सांगस."

शेखरनं वही घेतली आणि आप्पांचं बोलणं जमेल तेवढं सरकारी करून लिहिलं :

"मे. तहसीलदार साहेब, पुरवठा शाखा, यांचे सेवेशी. विषय : रेशनकार्डात नाव वाढवून मिळणेबाबत. कारणे अर्ज करतो की, अर्जदाराचे कुटुंबात एक इसम वाढला आहे. सदर इसम जन्माने, धर्माने व देशाने अर्जदाराचा कोणी लागत नाही, तरी नात्याच्या रकान्यात 'पुतण्या' असे लिहावे. तो हल्ली मारावी येथे तळ्याकाठी राहतो. सबब त्याचे वाट्याचा तांदूळ दरमहा मंजूर होऊन त्याचे राहते घरी पोहोच व्हावा, ही नम्र विनंती."