पत्र उघडणारी माणसं

दुपारी तीनच्या सुमारास दादाने बहिणीचा उजवा हात टेबलाच्या खणात धरला आणि खण ढकलून बंद केला. एकदा नाही, दोनदा.

हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. तिचं ओरडायचं राहूनच गेलं.

"ते पत्ते परत घाल," दादा म्हणाला.

"नाही घालत. ती माझी माणसं नाहीत."

ती घरी साबण करायची, इसब झालेल्यांसाठी, कातडी फुटून रक्त येणाऱ्यांसाठी, आणि ऑनलाइन विकायची. दर मंगळवारी ईमेलने एक पत्र लिहायची. ज्याला पत्र हवं त्याने आपणहून नाव नोंदवायचं. चार वर्षांत अशी नऊशे बारा माणसं जमली होती. हा मुंगीचा वेग दादाला सोसेना. महिन्याभरापूर्वी त्याने कुठूनतरी अकरा हजार ईमेल-पत्ते विकत आणून यादीत ओतले आणि धंद्यात भागीदार होऊ पाहणाऱ्या एका बड्या व्यापाऱ्याला छाती फुगवून बारा हजार वाचक सांगितले. ते अकरा हजार तिचं पत्र उघडायचेही नाहीत. काहींनी शिव्या लिहून पाठवल्या. त्यांच्यापायी तिची पत्रं खऱ्या वाचकांकडेही स्पॅमच्या कचऱ्यात पडू लागली. आज सकाळी तिने ते सगळे पत्ते पुसून टाकले. व्यापारी उद्या येणार होता.

दादाने तिचे केस धरून डोकं मांडणीवर आपटलं. साबणाच्या वड्या तिच्या अंगावर कोसळल्या. भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. तिचा फोन त्याने खिशात घातला, लॅपटॉप मात्र तिच्यापुढे सरकवला.

"एका हाताने घाल. झालं की दार वाजव."

बाहेरून कडी लागली. त्या खोलीची एकुलती खिडकी मागच्या बंद गोदामाच्या भिंतीकडे होती. तिथून हाक मारून कुणाला ऐकू जाणार?

 ती डाव्या हाताचं एक बोट घेऊन लॅपटॉपपुढे बसली. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडायची, या विचाराने ते बोट बराच वेळ हललंच नाही. मग तिला वाचकांपैकी ती आई आठवली, जिने आपल्या लेकराच्या सोलवटलेल्या पाठीचा फोटो पाठवला होता. ते शिक्षक आठवले, जे वर्गात हातमोजे घालून शिकवायचे आणि हे बायकोलाही सांगायचे नाहीत. या माणसांनी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. तिने मात्र त्यांना फक्त साबणाबद्दल लिहिलं होतं.

पत्राला तिने नाव दिलं, 'आज मंगळवार नाही'. खाली लिहिलं: 'भावाने माझा हात मोडलाय. खोलीत कोंडलंय. फोन नाही. जवळ कुणी असाल तर या.' घरचा पत्ता लिहायची गरज नव्हती. यादीला पाठवायच्या ईमेलच्या नियमाप्रमाणे तो प्रत्येक पत्राच्या तळाशी असायचाच. तिने पत्र नऊशे बारा जणांना पाठवलं.

चार मिनिटांनी पहिलं उत्तर आलं. कुणीतरी समुद्रापलीकडून लिहिलं होतं की मी येऊ शकत नाही, पण तुमच्या शहरातल्या पोलिसांना फोन लावतोय. मग आणखी सात आली. मग तिला मोजता येईना. हात सुजून वांग्यासारखा झाला होता आणि लॅपटॉपचा पडदा डोळ्यांपुढे डोलत होता.

पाऊण तासाने घराची बेल वाजली. दादा दारात गेला. तो गोड आवाजात सांगत होता की बहीण बाहेर गेलीय, उद्या भेटेल.

"मग हे पत्र कुणी लिहिलं?" धापा टाकत एक बाई म्हणाली.

आपण कोण, असं दादाने विचारलं.

"मी त्यांची वाचक. बाजूला व्हा."

दादा यावर काय बोलला ते आत ऐकू आलं नाही. जिन्यावर आणखी पावलं वाजत होती.