गिरजाबाईच्या मोहापुढचा तुकडा

आपली बायको वच्छला गेल्याचं गुलाबला कळलं तेव्हा तो तुमसरच्या बाजारात कांदे निवडत होता. टोल्यावरून, त्यांच्या जंगलालगतच्या वस्तीवरून, शेजारच्या भोजराजचा फोन आला. जंगलात आग लागली, बाया विझवायला धावल्या, बाकीच्या परत आल्या, वच्छला दिसत नाही, असं तो म्हणाला. 'दिसत नाही' म्हणताना त्याचा आवाज फाटला.  गुलाबने निवडलेले कांदे पुन्हा ढिगात ठेवले आणि गाडी शोधायला गेला.

तो पोचेपर्यंत टोल्याने ठरवून टाकलं होतं की आग गिरजाबाईच्या मोहाच्या झाडाखालून उठली. म्हातारी एकटी. नवरा नाही, मूल नाही. तिचं झाड जंगलाच्या अंगाला, आणि तिथला धूर दोघातिघांनी पाहिलेला. तेव्हापासून तिच्या दारात कोणी गेलं नाही. गुलाबही गेला नाही.

आता पुन्हा मोह फुलायचे दिवस जवळ आले होते. वणवा रोखायच्या तयारीसाठी टोल्याला एका संस्थेचं छोटंसं अनुदान मिळालं. त्यातून पाला उडवायचं यंत्र आलं, पाला ओढायची लोखंडी दाताळी आली. मोहाखाली बांधायच्या जाळ्या अजून यायच्या होत्या. फूल जाळीत पडलं की खालचा पाला पेटवायची गरज राहत नाही. नाहीतर बाया दरवर्षी पेटवतातच. पाला जळून गेला की काळ्या भुईवर पिवळं फूल लांबून दिसतं. वच्छलाच्या झाडाखाली यंदा तिची मुलगी हर्षा वेचायला जाणार होती.

संस्थेच्या दामिनी मॅडमची अट एकच होती. जंगलाच्या बाजूने पाला काढून रुंद पट्टा करायचा, आणि तो कुठेही तुटता कामा नये. एक तुकडा जरी राहिला तरी आग तिथूनच पलीकडे जाते. पट्टा सलग दिसला की जाळ्या मिळतील.

प्रत्येक घराने आपापल्या मोहापुढचा तुकडा झाडला. दोन राहिले. एक गिरजाबाईचा, आणि त्याला लागूनच, तिच्याकडे फिरकायचं नाही म्हणून राहिलेला गुलाबचा. भोजराज या कामासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष होता, पण गिरजाबाईचा तुकडा दुसऱ्याकडून झाडून घ्यायची सोय त्याला नव्हती. टोल्यात दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी दाताळं लावत नाही. लावलं, तर त्या झाडावर हक्क सांगितल्यासारखं होतं.

"आमी गेलो तं बुढी दार लावते," भोजराज गुलाबला म्हणाला. "तुले नाही म्हणाची तिची छाती नाही."

गुलाब गेला. म्हातारी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. त्याला पाहून तिने सूप खाली ठेवलं. बस म्हणाली नाही. त्याने उभ्यानेच पट्ट्याचं सांगितलं, जाळ्यांचं सांगितलं, हर्षाचं सांगितलं. म्हातारी मान हलवत राहिली. एवढं बोलून परत फिरावं असं ठरवून तो आला होता. पण त्याला राहवलं नाही.

"तवा पेटवाले नोको होतं, माय."

म्हातारीने पदराने तोंड पुसलं.

"काडी मीच ओढली," ती म्हणाली. "वच्छलाची काडीपेटी घरी राह्यली होती. माह्या झाडाखालून जळतं फाटं उचललं तिनं, अन् तुमच्या झाडाखाली नेलं. दोघींनी संगंच जाळला पाला. मंग वारा सुटला. आग कोणाकडून गेली, मले मालूम नाही. कोणालेच मालूम नाही."

गुलाबला ते खरं वाटलं. वच्छला तसंच करायची. जवळपास कुठे पेटलेलं असलं की नवी काडी ओढायची नाही.

"मंग सालभर काहून नाही सांगतलं?"

"कोणाले सांगू? मेलेल्या बाईवर कायले ढकलू?" म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "बोल ऐकाले मी जिती आहो ना."

तिने घरातून दाताळं काढलं. आपलं जुनं, बांबूचं. लोखंडी तिला कोणी दिलंच नव्हतं.

दोघांनी आपापल्या झाडापुढे काम केलं.  म्हातारी थोडं ओढायची, कमरेवर हात ठेवून थांबायची, पुन्हा ओढायची. गुलाबचा तुकडा आधी झाला. तिचं आवरेपर्यंत तो हद्दीवर उभा राहिला. मदत करावीशी वाटली, पण झाड तिचं होतं.

दामिनी मॅडम आल्या, पट्टा चालून पाहिला, फोटो काढले. भोजराजने चहा सांगितला. बाया एका झाडाखाली बसल्या, गिरजाबाई दुसऱ्याखाली. तिच्याकडे कप पोचला तो सगळ्यात शेवटी.

"आता कामाची निंगाली बुढी," भोजराज सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हेच मांगच्या साली सुचलं असतं तं वच्छलावयनी आज आपल्यात बसली असती."

एक बाई हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. गिरजाबाई चहा फुंकत होती. तिने गुलाबकडे पाहिलं नाही. गुलाबने कप खाली ठेवला. सगळे त्याच्याकडे पाहू लागले, कारण तो काहीतरी बोलेल असं वाटत होतं. मग त्याने कप पुन्हा उचलला.

जाळ्या आल्या. बांधूनही झाल्या. हर्षा पहाटे वेचायला जाते, आणि यंदा पाला कोणी पेटवला नाही. गिरजाबाईने अंगणात जे सांगितलं, ते गुलाबने टोल्याला सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.