सुटला का?

"कापून टाक ना एकदाचा," दादा म्हणाला.

उत्तरादाखल गाडीखालून हातोड्याचे चार घाव तेवढे ऐकू आले.

शुक्रवारची सकाळ होती. गाडी अंगणात, पुढची डावी बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाक काढून भिंतीला टेकवलेलं. त्याची धाकटी बहीण पाठीवर पडून खाली सरकली होती, बाहेर दिसत होते फक्त दोन पाय. आणि खिडकीच्या आत, अंगणाच्या बाजूला ओढून घेतलेल्या पलंगावर, बाबा. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला आता कूस बदलायलाही दोघं लागायचे. गेल्या रविवारी डॉक्टरांनी हात टेकले होते. दोन दिवस, फार तर तीन, असं ते दाराबाहेर हळूच बोलले, म्हणून तर दादा आणि आत्या धावतपळत आले होते.

काम म्हणाल तर क्षुल्लक. खड्डा आला की गाडी पुढून खडखडायची, कारण चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्यातले रबरी बुश पार झिजले होते. जुने काढायचे, नवे बसवायचे, संपलं. पण बुशांतून आरपार जाणारा बोल्ट आतल्या नळीत असा गंजून बसला होता की दोघांचं एकच लोखंड झालं होतं.

हे काम काढलं ते बाबांनीच, पलंगावर पडल्या पडल्या. सोमवारी त्यांनी धाकटीला गाडी उचलायला लावली आणि बजावलं, की अर्धवट काम टाकून मी आजवर गॅरेज बंद केलेलं नाही, आता तर मुळीच करणार नाही. तेव्हापासून दर तासा-दोन तासांनी खिडकीतून एकच प्रश्न यायचा. सुटला का? धाकटी खालूनच ओरडायची, नाही. बरं, म्हणायचे बाबा, आणि डोळे मिटून पुढचे घाव ऐकत राहायचे.

आत्याला हे बघवत नव्हतं. तिचा भाऊ रात्रंदिवस कण्हत नव्हता हे खरं, पण वाळून काडी झाला होता. "सुटू दे गं त्याला," असं ती येता-जाता पुटपुटायची. त्याला म्हणजे बोल्टला की भावाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दादाची धास्ती वेगळीच होती. बाबा जायच्या आत त्यांच्या कानावर 'झालं' हा एक शब्द पडावा, एवढंच त्याला हवं होतं. आणि ही बया पाच दिवस एका बोल्टपुढे अडून बसलेली! तेल सोडून झालं म्हणे, आच देऊन झाली, पान्याला हातभर पाइप लावून लोंबकळून झालं. शेजाऱ्याकडे लोखंड कापायचं मशीन होतं, पाच मिनिटांत निकाल लागला असता. ते मागून आणतो म्हणाला, तर धाकटीने साफ उडवून लावलं. बाबांनी जन्मात बोल्ट कापला नाही आणि त्यांच्या गाडीचा मी कापणार नाही. बरं, मदतीला खाली येतो म्हटलं, तर ठोकळे डगमगतात, लांबच राहा.

लहानपणापासून अशीच. एकदा मान ताठ केली की तिच्यापुढे बाबाही हरायचे.

अकराच्या सुमारास आत्याचा बांध फुटला. ती अंगणात आली आणि त्या दोन पायांना उद्देशून तिने तोंड सोडलं. बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि लेक खाली लोळतेय, हात हातात घेऊन बसायचं सोडून लोखंड बडवतेय, लोक काय म्हणतील.

धाकटी सरपटत बाहेर आली. तोंड काळं, डोळे लाल, तळहाताला फोड. "हात धरायला तुम्ही दोघं आहात," ती म्हणाली. "मी माझ्या पद्धतीने धरलाय. लोकांना सांगा, यायचं तर हातोडा घेऊन या."

आणि परत खाली गेली.

दुपारी ती बाबांना चमच्याने पाणी पाजायला आत गेली, तेव्हा दादाने डाव साधला. शेजाऱ्याचं मशीन त्याने सकाळीच आणून पायरीमागे लपवलं होतं. रागावली तर रागावली. नंतर जन्मभर अबोला धरला तरी चालेल, पण बाबांचं काम पुरं व्हायला हवं. तो पोटावर सरपटत गाडीखाली शिरला आणि मोबाइलचा उजेड बोल्टवर धरला.

मग उजेड आणखी जवळ नेला.

बुश नवे होते, काळेभोर. बोल्टही नवाकोरा, ग्रीस लावून गच्च आवळलेला. काम पक्कं झालं की नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायची, ही गॅरेजची जुनी शिस्त. तशी रेघ त्या नटावर होती. वाळून तिच्यावर धूळही बसली होती, दोन-तीन दिवसांची सहज. शेजारी जुना टायर आडवा टाकलेला, त्यावर एक गंजका लोखंडी तुकडा, घाव खाऊन खाऊन मधोमध चकचकीत झालेला. हातोडा त्याच्याजवळच पडला होता.

धाकटी धावत बाहेर आल्याचं त्याला ऐकू आलं. तिचे पाय गाडीपाशी येऊन थबकले.

खिडकीतून खोल गेलेला आवाज आला. "सुटला का रे?"

दादाने मशीन बाजूला सारलं आणि हातोडा उचलला.

"नाही हो बाबा," तो ओरडला, "अजून घट्ट आहे."